चौदा पाहिल्या, दोनशे लिहिल्या

टोमॅटोच्या पेशीत चोवीस गुणसूत्रं असतात. पराग तयार व्हायच्या वेळी त्यांच्या बारा जोड्या लागतात, आणि मग त्या सुटतात. हे मी तेविसाव्या वर्षी शिकलो आणि पंचविसाव्या वर्षी त्याच ज्ञानाच्या जोरावर एका बाईचं काम घालवलं. मुद्दाम नाही घालवलं. पण 'मुद्दाम नाही' हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आणि त्यानं काही हलकं झालं नाही, तेव्हा ते आता बाजूला ठेवतो.

साठ-एकसष्टचे दिवस असतील. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक सरकारी शेत होतं. कपाशी, ज्वारी, तूर, आणि कोपऱ्यात दोन बिघे भाजीपाला. मी विज्ञानाची पदवी जेमतेम घेऊन तिथं सहायक म्हणून लागलो होतो. त्या दोन बिघ्यांवर आमच्या साहेबांचा जीव होता. साहेब पुण्याकडचे. सडसडीत, कमी बोलणारे, शर्टाच्या खिशात कायम चिमटा आणि भिंग. टोमॅटोला आमच्याकडे भेदरं म्हणतात हे त्यांना पहिल्यांदा ऐकून गंमत वाटली होती, नंतर तेही भेदरं म्हणायला लागले.

भेदऱ्यांवर तेव्हा पानं आकसून जाणारा रोग फार. झाड खुजं राही, फळ धरत नसे. साहेबांनी कुठून तरी परदेशी रानटी जातीचं बी मिळवलं होतं. त्या झाडाला देठापासून पानापर्यंत दाट लव, फळं गोटीएवढी, केसाळ, पिकली तरी हिरवीच, आणि वास असा उग्र की हात धुतला तरी जाऊ नये. पण त्याच्यावर पांढरी माशी बसत नसे आणि पान आकसत नसे. हा गुण आपल्या भेदऱ्यात आणायचा, एवढाच त्यांचा ध्यास.

पहिल्या वर्षी त्यांनी आपलं भेदरं आई आणि रानटी जात बाप असा संकर स्वतःच्या हातानं केला. उलटं केलं तर धरत नव्हतं. रानटी फूल आपल्या झाडाचा पराग आत घेतच नसे. संकराची झाडं चांगली दांडगी झाली, पण त्यांचा पराग लाल रंगात टाकून पाहिला की निम्मे कण लाल होत आणि निम्मे पोचट, बिनरंगाचे राहत. दोन जातींची गुणसूत्रं एकत्र नांदत होती, पण त्यांचं पुरतं जमत नव्हतं. पुढच्या वर्षी या संकराचा पराग पुन्हा आपल्या भेदऱ्याच्या फुलावर घालायचा होता. हे काम बायकांवर आलं.

काम नाजूक. फूल उमलायच्या आदल्या दिवशी कळी चिमट्यानं उघडायची आणि आतली पिवळी नळी अख्खी काढायची, मधल्या हिरव्या काडीला धक्का न लावता. नळीचा तुकडा राहिला तर फूल स्वतःच्याच परागानं फळतं आणि सगळी मेहनत फुकट. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काडीवर संकराची पूड लावायची. कागदाच्या चिठ्ठ्यांवरची शाई दवानं उतरे, आणि बायकांना लिहिता येत नव्हतं, म्हणून धागे. नळी काढली की पांढरा, पूड लावली की लाल. कोणी केलं हे कसं कळावं? तर प्रत्येकीनं आपली गाठ मारायची. साहेबांना ही युक्ती बायकांनीच सुचवली. चारपाच बायका होत्या, आणि आठवड्याभरात मला लांबूनही गाठ बघून बाई सांगता यायला लागली.

त्यातल्या दोघींबद्दल लिहायचं आहे.

पहिली दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातली. तिशीची, उंच, मोजकं बोलणारी. तिच्या घरच्यांनी छपन्न साली नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. शेतावर तिची पाण्याची घागर निराळी होती. मी त्याबद्दल कधी काही बोललो नाही, हेही इथं लिहून ठेवतो. तिची गाठ दोन वेढ्यांची आणि परत एक आतून घेतलेली. सोडवायला नख लागे. दुसरी शेजारच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, तिच्याच वयाची, अंगानं गुटगुटीत, तोंडानं फटकळ. दोघी एकाच ओळीत समोरासमोर बसून काम करत आणि तांड्यावरचीची बडबड चालू राही.

"याडी! माय वो! काय लगन लावून राह्यलो आपन! नवरदेवाच्या अंगाले केस पाह्य किती!"

"नवरीले चालते तं तुले कायले तकलीप?"

"मले कायची तकलीप? पन पोरं कोनावर जातील, सांग ना."

"ते बाबूले इचार. त्यायच्या दुर्बिनीत दिसते म्हने पोराच्या पोटातलं."

बाबू म्हणजे मी. मी हसत असे. मला आवडत असे त्यांनी असं म्हटलेलं.

त्या हंगामात शेकड्यांनी फुलं केली, फळं थोडीच धरली, आणि बहुतेकांत बी नव्हतंच किंवा कोंड्यासारखं होतं. ते अपेक्षितच होतं. फक्त एका फळात चांगलं भरीव बी निघालं. त्याच्या देठावरच्या लाल धाग्याला दोन वेढे होते आणि एक आतून. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी ते बी पेरलं. चार रोपं जगली आणि हिवाळ्यात कळीवर आली.

साहेब रोज त्या चार झाडांपुढे उभे राहत. झाडं आपल्या भेदऱ्यासारखीच दिसत होती. देठाला लव जरा जास्त, पण आपल्याही एखाद्या झाडाला तशी असते.

"एकाच फळात एवढं बी," ते एकदा मला म्हणाले, "आणि झाडं अशी आईच्या वळणाची. नळी राहून गेली असेल. हे सगळं आईचंच असेल. तुम्ही पेशी बघा. एकेका झाडाच्या पन्नास मोजा. बापाकडचं काही आत असेल तर कुठं ना कुठं जोडी सुटलेली दिसेल."

पेशी बघायच्या म्हणजे जिऱ्याएवढी कळी सकाळी तोडायची, दारू आणि ॲसिडच्या मिश्रणात ठेवायची, मग तिच्यातली एक नळी काचेवर लाल रंगाच्या थेंबात सुईनं चेचायची, वर पातळ काच, स्पिरिटच्या दिव्यावर जरा ऊब, आणि टिपकागदात धरून अंगठ्यानं दाब. दाब कमी पडला तर पेशी एकावर एक राहतात, जास्त पडला तर फुटतात. शेतावर वीज नव्हती. सूक्ष्मदर्शक पूर्वेच्या खिडकीशी, आरशानं उन्हाचा उजेड घ्यायचा. चांगल्या काचेवरही वीस-पंचवीस पेशींत एखादीच नेमक्या टप्प्यावर सापडते. पन्नास मोजायला एका झाडाला सकाळ जाई. चार झाडांना चार सकाळी.

मी तिसऱ्या दिवशी सगळं उरकलं.

खरं काय झालं ते असं. पहिल्या दोन सकाळी आभाळ होतं, उजेड मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी नेरला मुलगी बघायला जायचं ठरलं होतं. साडेदहाची बस. साहेबांना दुसऱ्या दिवशी वरच्या कार्यालयाला अहवाल धाडायचा होता. मी आठला बसलो. चारी झाडांच्या मिळून चौदा पेशी नीट दिसल्या. चौदाही पेशींत बारा जोड्या. स्वच्छ, एकेक जोडी सुटी मोजता येईल अशी. मला वाटलं, झालं, साहेब म्हणतात तेच आहे. वहीत प्रत्येक झाडापुढे लिहिलं: पाहिलेल्या पेशी पन्नास, बारा जोड्या पन्नास, सुटी गुणसूत्रं नाहीत. चार ओळी. इस्त्रीचा शर्ट घातला आणि बस गाठली.

मुलगी पसंत पडली. दुर्बिणीतून बघणारा जावई त्यांनाही पसंत पडला.

परत आलो तो साहेबांनी वही वाचली होती. ते रागावले नव्हते, पण चेहरा पडला होता. दोन वर्षं गेली होती त्यांची. त्यांनी सुकलेल्या देठावरचा जपून ठेवलेला धागा काढला आणि बांधावर बायकांना बोलावलं. मुकादमही आला.

"ही गाठ कोणाची?" साहेबांनी तांड्यावरच्या बाईला विचारलं. ती जवळ उभी होती म्हणून तिलाच.

तिनं धागा पाहिला, मैत्रिणीकडे पाहिलं. "तिची," म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

"माहीच हाय," मैत्रीण पुढं येऊन म्हणाली. "मी कुठं नाही म्हनतो?"

"नळीचा तुकडा राहिला होता तुझ्याकडून," साहेब म्हणाले. "ही संकराची झाडं नाहीत."

"नाही राह्यला, साहेब. एक कन नाही राह्यला. म्या उन्हात धरून पाह्यलं होतं. आन् झाडाचा वास घ्या ना. हे आपलं भेदरं नोहे."

"वासावर नाही चालत हे. दोनशे पेशी बघितल्यात यांनी."

ती माझ्याकडे वळली. "दोनशे, बाबू?"

मी मानेनंच हो म्हटलं. तेव्हाही मला हे खोटं वाटत नव्हतं, एवढंच वाटलं की जरा वाढवून लिहिलंय, निष्कर्ष तर बरोबरच आहे.

मग मुकादम मध्ये पडला. त्याचं शेतावर सगळ्यांना एकच औषध. बांधाच्या टोकाला शेंदूर फासलेला मारुती होता. "तिकडं तोंड कर," तो म्हणाला, "आन् घे शपथ का नळी काढली होती म्हून. मंग साहेब काही म्हननार नाही."

ती जागची हलली नाही. "मी देव सोडले. आता जे मानत नाही त्याची शपथ घेऊ का? ते तं खोटंच झालं ना."

"म्हंजे घेत नाहीस."

"त्याची नाही. माह्या हाताची घेईन. गाठीची घेईन."

"गाठीची म्हने!" मुकादम हसला. मागं उभे असलेले दोघं-तिघं हसले. कोणीतरी म्हणालं, "पाप असन तवाच मानूस शपथेले भेते." झालं. खोटी शपथ घेणार नाही म्हणाली, तर तीच तिची कबुली ठरली. साहेब देव मानत होते की नाही मला माहीत नाही. शपथ त्यांनी मागितली नाही, पण अडवलीही नाही. आणि मी, ज्यानं कशाचीच शपथ घेतली नव्हती, त्याचे चार ओळींतले आकडे सगळ्यांनी मानले. दुसऱ्या कोणाची गाठ असती तर साहेब कदाचित म्हणाले असते, पुन्हा एकदा बघू. मला तसं वाटतं. पण हेही साहेबांवर ढकलल्यासारखं होतं. पुन्हा बघू हे म्हणायचं काम माझं होतं.

त्या आठवड्यात मस्टरवरून तिचं नाव कमी झालं. चार झाडं उपटायला साहेबांनी मलाच सांगितलं.

मी उपटली. हाताला चिकट, काळसर-हिरवं लागलं. ते भेदऱ्याचंही लागतं. पण जेवायला बसलो तेव्हा हात तोंडाशी गेला आणि तो वास आला. फार नाही, तळाशी. केसाळ बापाचा.

मिश्रणात ठेवलेल्या कळ्या अजून बाटलीत होत्या. त्या रविवारी शेतावर कोणी नव्हतं, ऊन लख्ख होतं. मी काच केली. पहिल्या काही पेशी बारा जोड्यांच्याच. मग एक आली, तिच्यात अकरा जोड्या आणि दोन गुणसूत्रं सुटी, एक या कडेला, एक त्या कडेला. वाटलं, दाबानं झालं असेल. दुसरी काच केली. पुन्हा तसंच. मग मी प्रामाणिकपणे पन्नास मोजल्या. नऊ पेशींत सुटी होती. शेजारी साध्या भेदऱ्याची काच ठेवून तिच्याही पन्नास मोजल्या. एकीतही नाही.

बाप आत होता. दर पेशीत दिसत नव्हता, कारण दोन्हीकडची गुणसूत्रं बहुतेक वेळा जमवून घेतात; कधीतरीच त्यांची पकड सुटते. म्हणूनच पन्नास मोजायच्या असतात. चौदात ते निसटलं. पन्नासमध्ये निसटलं नसतं.

काच मी मेणानं बंद केली आणि ट्रंकेत ठेवली. झाडं उकिरड्यावर वाळली होती, अहवाल गेला होता, नेरहून सुपारी फोडायचा दिवस कळवला होता. साहेबांना सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार होतं की दोनशे पाहिल्याच नव्हत्या. मी उद्या सांगू म्हटलं. वर्षभरात साहेबांची बदली झाली, मग माझी मारेगावकडे झाली. उद्या तो राहूनच गेला.

तिला नंतर नाजूक कामाला कोणी बोलावलं नाही. गाठीत चोरी करणारी, असं नाव पडलं. ती कपाशी वेचायला जायला लागली. आणि तांड्यावरची व ती, ज्या दोघी समोरासमोर बसत, त्यांचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. एकीला वाटलं, हिनं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. दुसरीला वाटलं, हिच्या एका आळसापायी आपल्या सगळ्यांच्या हातावर संशय आला. हे मी दुसऱ्यांकडून ऐकत होतो.

आता मी पन्नाशीला आलोय. गेल्या वर्षी ट्रंक आवरताना ती काच बायकोच्या हाती लागली. मेण फुटून आत हवा गेली होती, रंग उडाला होता, काही दिसण्यासारखं राहिलं नव्हतं. तिनं विचारलं हे काय, आणि मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. बसचंही सांगितलं. मला वाटतं, बस सांगताना मी थोडी तिच्याकडे माफी मागत होतो, की बघ, तुझ्यासाठीच घाई होती.

ती डाळ निवडत होती. म्हणाली, "दुपारी आणखी एक बस होती की. दोनची. आम्ही थांबलो असतो."

एवढंच. मग पुन्हा डाळ निवडायला लागली.

मी त्यानंतर महिनाभरानं दारव्ह्याला गेलो आणि तिथून त्या दोन वेढ्यांची गाठ मारणाऱ्या बाईच्या गावी. ती ओट्यावर बसली होती. केस पांढरे, हात तसेच लांब. मला ओळखलं. आत बोलावलं, पाणी दिलं, मी प्यालो. मग सांगितलं. चौदा आणि दोनशे. नऊ पेशी. ट्रंक.

तिनं पूर्ण ऐकलं. रडली नाही, चिडलीही नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

"मंग मले कायले सांगता?" ती म्हणाली. "मले तं तवाच ठाऊक होतं. नळी म्याच काढली होती ना."

"माझी चूक होती, बाई. ते सांगायला..."

"तुमी मले माफी मागून राह्यले, ते ठीक हाय. पन ज्याले ठाऊक हाय त्याले सांगून काय होते? ज्याले ठाऊक नाही त्याले सांगा."

"साहेब तर आता..."

"साहेबाचं काय घेऊन बसले? साहेब कुठला न मी कुठली." तिनं रस्त्याच्या पलीकडे, तांड्याच्या दिशेनं हनुवटी केली. "तिले सांगा."

साहेबांना मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पत्ता जुना होता. पण तांड्यावर त्याच आठवड्यात गेलो. तीही म्हातारी झालेली, अंगणात गोधडी शिवत होती. माझं बोलणं अर्ध्यावर आलं तेव्हा तिची सुई थांबली.

मग तिनं विचारलं, "किती पाह्यल्या म्हनता?"

"चौदा."

"आन् लिवल्या?"

"दोनशे."

तिनं सुईत नवा दोरा ओवला. पहिल्यांदा चुकला, मग गेला.

"आमी एकेक फूल मोजून धागा बांधे, बाबू," ती म्हणाली. "संध्याकाळी धाग्याची रिकामी रीळ दाखवा लागे मुकादमले. एक फूल जास्त सांगता येत नव्हतं."

मी उभाच होतो. म्हटलं, मी तुमच्यासोबत तिच्याकडे येतो, दोघींसमोर पुन्हा सांगतो.

"नका येऊ," ती म्हणाली. गोधडी बाजूला ठेवून ती उठली, आत जाऊन लुगडं ठीक करून आली आणि दाराला कडी घातली. "तुमचं सांगून झालं. आता मले जाऊ द्या."

रस्त्यापर्यंत आम्ही सोबत आलो. तिथून ती डावीकडे वळली. मी उजवीकडे, बसच्या थांब्याकडे.